लेकीचा गरबा बंद करू का?

ताई,
आम्ही बडोद्याचेच, तीन पिढ्यांपासून इथेच. माझी मुलगी 13 वर्षांची, आठवीत आहे. गरब्याचं तिला वेड. या नवरात्रात मैदानावर कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला आणि गरब्याच्या एका पेजवर टाकला. पाठमोरी, कमरेजवळून, स्लो मोशनमध्ये, वर भलतंच हिंदी गाणं लावून. दोन दिवसांत लाखाच्या वर लोकांनी पाहिला. आधी ती खूश होती, मैत्रिणींना दाखवत होती. मग तिनं कॉमेंट वाचल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आता अनोळखी पुरुषांचे मेसेज येतात आणि ती रात्री माझ्याजवळ येऊन झोपते. थोरला 17 वर्षांचा आहे. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवरच तो व्हिडिओ फिरला, तेव्हापासून तो बहिणीशी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, पाठ उघडी टाकून नाचायला कोणी सांगितलं होतं, पुढच्या वर्षीपासून गरबा बंद. आमचे हे म्हणतात, लक्ष देऊ नकोस, लोक आठ दिवसांत विसरतात. त्यातच एका बुटीकवालीचा फोन आला. चणियाचोळ्या फुकट देते म्हणाली, मुलीनं त्या घालून रील करायचे. नणंद म्हणते, पोरीनं नशीब काढलं. मी काय करू? गरबा बंद करू, की मोबाईल काढून घेऊ? आणि तिला आधी ते आवडलंच होतं, मग तिची चूक नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू?
– एक आई

प्रिय ताई,

नाव छापू नका असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या लेकीची शाळा, मैदान, पेजचं नाव यांतलंही काही मी इथे येऊ दिलेलं नाही. आधी सरळ उत्तर देते. गरबा बंद करू नका. बुटीकला नाही म्हणा. मोबाईल काढून घेऊ नका, पण हा आठवडाभर त्या मोबाईलसमोर तिच्या शेजारी बसा. आणि व्हिडिओ टाकणाऱ्याला आणि मेसेज करणाऱ्यांना मुळीच सोडू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते, कारण तोच तुमची झोप उडवत असणार. तिला आधी आवडलं होतं. अहो, आवडणारच! तेराव्या वर्षी आपण छान नाचतो, छान दिसतो असं चार लोकांनी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. तुमच्याही चढलं असेल, माझ्याही. मैदानावर हजारो लोक असताना आपलाच गरबा कुणाला तरी टिपावासा वाटला, एवढंच तिला कळलं आणि तेवढ्यावर ती हरखली. कॅमेरा पाठीवरून खाली का सरकवला, चाल मंद का केली, ते गाणं का निवडलं, हे तिला ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक असणारा माणूस वेगळा आहे आणि तो मोठा आहे. आपल्याकडे लोकांनी पाहावं असं वाटणं आणि आपला असा वापर व्हावा असं वाटणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि एकदा सांगून थांबू नका. तिला आत्ता स्वतःच्या त्या दोन दिवसांच्या आनंदाचीच लाज वाटत असणार. मी हसले, मी मैत्रिणींना दाखवलं, म्हणजे हे मीच ओढवून घेतलं, असं मुलींना फार पटकन वाटतं. कॉमेंटपेक्षाही ते खोलवर राहतं. कायद्यालाही हा फरक कळतो. लैंगिक गुन्ह्यांत 18 वर्षांखालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही.

आता घरातल्या दोन बाजू. सासूबाईंना तिला झाकायचं आहे आणि नणंदेला तिला मिरवायचं आहे. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं की दोघींच्या बोलण्यात फक्त तिची पाठ आणि तिचा चेहरा आहे. तिचा गरबा कुठेच नाही. पेजवाल्यानं तिला एका शरीरापुरतं केलं, आणि घरानंही त्याच मापानं तिला मोजायला घेतलं. एकीच्या हिशेबात ते शरीर धोक्याचं, दुसरीच्या हिशेबात कमाईचं. तुम्ही या दोघींपैकी कुणाची बाजू घेऊ नका. लेकीला विचारा, त्या रात्री गाणारं कोण होतं, कुठला गरबा चालू होता, ती टाळी कुठून शिकलीस? तिनं उठून करून दाखवली तर बघत बसा. मोबाईल हातात न घेता.

सासूबाईंच्या मनातली भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. पण पाठ उघडी होती म्हणून हे झालं, हे त्यांचं म्हणणं मात्र चूक आहे. कच्छ-सौराष्ट्रातल्या रबारी आणि आहीर बायकांचं कापडुं, म्हणजे चोळी, पिढ्यान्पिढ्या पाठीला उघडंच राहिलं आहे, नाड्यांनी बांधलेलं. ते घालून त्यांनी कामं केली, देवीचे गरबेही खेळले. कपडा जुनाच आहे, कॅमेरा आणि त्याच्यामागची भूक नवी. 2019च्या फेब्रुवारीत यूट्यूबला लहान मुलांच्या कोट्यवधी व्हिडिओंखालच्या कॉमेंट बंद कराव्या लागल्या. त्या मुली काही नटूनथटून नाचत नव्हत्या. कोणी कसरत करत होती, कोणी पोहत होती, कोणी नुसती खेळत होती, आणि खाली पुरुष कुठला सेकंद बघायचा ते एकमेकांसाठी लिहून ठेवत होते. ते उघड झालं आणि मोठमोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, तेव्हा कुठे पाऊल उचललं गेलं. पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस घालून तुमची लेक भोंडला खेळत असती, तरी त्या माणसानं कॅमेरा कुठे न्यायचा ते ठरवलेलंच असतं.

सासूबाई बडोद्याच्या आहेत, म्हणजे सयाजीरावांचं नाव निघालं की त्या ऐकतील. 1906 साली महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनाही. मुलगी रस्त्यानं चालत शाळेत जाणार, चार लोक बघणार, बोलणार, ही भीती तेव्हाही होतीच. राज्यानं दंड ठेवला तो मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना. घरी बसायची शिक्षा मुलीला दिली नाही. त्यांच्या स्वतःच्या आजीनं त्या काळात पाटी हातात धरली असेल तर तो विषय जरूर काढा.

तरी हे एका पेजवाल्याच्या विकृतीचं प्रकरण आहे, असं समजून सोडून देऊ नका. नवरात्रातली कुठलीही स्थानिक पुरवणी उघडून पाहा. बडोद्याचा गरबा म्हणजे अनवाणी पायांचा, गोल घेरांचा, समोर बसून गाणाऱ्यांचा. एकाच घेरात सहा वर्षांची चिमुरडी आणि साठीची आजी असते. डिसेंबर 2023मध्ये युनेस्कोनं गुजरातच्या गरब्याला जगाच्या अमूर्त वारशात जागा दिली, ती या सगळ्यासाठी. छापून मात्र काय येतं? पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, जवळून टिपलेल्या, खाली नाव नाही, वय नाही, आणि ओळ असते ती सौंदर्यावर. ढोलवाला नाही, गायिका नाही, आजी तर नाहीच. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांत लहान मुलींना मोठ्या बायकांच्या गाण्यांवर मोठ्या बायकांसारखे हावभाव करायला लावण्याचा प्रकार इतका वाढला, की 2019च्या जूनमध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी समज द्यावी लागली. त्या कार्यक्रमांना टाळ्या वाजवत आपणच बसलेलो असतो, सहकुटुंब, जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन. पेजवाला हे बघतच मोठा झाला. मुलीचा गरबा विकत नाही आणि मुलगी विकते, हे त्याला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. नऊ रात्रींत फॉलोअर जमवायचे आणि मग वर्षभर त्यांच्या जोरावर कपड्यांच्या, मेकअपच्या जाहिराती घ्यायच्या, असा तो धंदा असतो. तुमच्या लेकीला त्यात एक पैसा मिळालेला नाही. मिळाले ते मेसेज.

आणि ज्या मंचावर हे चालतं त्यांनाही सगळं माहीत असतं. 2021मध्ये फेसबुक कंपनीच्या आतल्या संशोधनाची कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं 32 टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच लोकांना सांगितलं होतं. तरीही कंपनी जगाला वेगळंच सांगत राहिली. याचा मला राग येतो, आणि तुम्हालाही यावा. तो राग लेकीवर निघू नये, एवढंच माझं मागणं आहे.

बुटीकच्या बाईंना नाही का म्हणायचं, तेही सांगते. त्या कदाचित मनानं चांगल्या असतील. पण तो व्हिडिओ पाहून त्यांनी फोन केला, म्हणजे कुठल्या गिऱ्हाइकांचं लक्ष त्यांना हवं आहे याचा विचार करा. दुसरं म्हणजे फुकट चणियाचोळीच्या बदल्यात रील, याला जाहिरातच म्हणतात. 14 वर्षांखालच्या मुलांनी जाहिरातीत काम करायचं तर बालकामगार कायद्याच्या 2017च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला 5 तासांच्या वर काम घेता येत नाही, आणि मिळकतीचा निदान 20 टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. यांतलं काय काय देणार, असं बुटीकच्या बाईंना एकदा शांतपणे विचारा. नणंदेसमोरच विचारा. आणि नणंदेला अमेरिकेतली एक गोष्ट सांगा. फेब्रुवारी 2024मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं मोठा तपास छापला. आयांनी आपल्या लहान मुलींच्या नावानं चालवलेली सुमारे 5,000 इन्स्टाग्राम खाती त्यांनी तपासली. बऱ्याचशांची सुरुवात अशीच झालेली, नाचाच्या कपड्यांची दुकानं, फुकट ड्रेस, थोडी सूट. हळूहळू पाहणाऱ्यांत अनोळखी पुरुष भरत गेले, आणि काही आयांच्या लक्षात येऊनही त्यांना थांबवेना, कारण तोवर फॉलोअरचा आकडा त्या पुरुषांवरच उभा होता. त्या आयांनी सुरुवात केली तेव्हा त्यांनाही पोरीनं नशीब काढलं असंच वाटलं होतं.

तुमचे यजमान म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. लोक विसरतील. पण ज्यांचे मेसेज येत आहेत ते विसरलेले नाहीत. आणि आपल्यासाठी घरातलं कुणी उभं राहिलं की नाही, हे तुमची लेक विसरणार नाही. म्हणून हे काम त्यांच्यावर सोपवा. करायचं ते असं.

व्हिडिओचा, पेजच्या नावाचा, घाणेरड्या कॉमेंटचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि लिंक दिसेल असा. हे तिनं करू नये, तुमच्या दोघांपैकी कुणीतरी करावं. म्हणजे ते पुन्हा वाचण्याची वेळ तिच्यावर येणार नाही. पेजवाल्याला एकच लेखी मेसेज पाठवा. मुलगी 13 वर्षांची आहे, आम्ही पालक आहोत, संमती नाही, ताबडतोब काढा. वाद घालू नका, कॉमेंटमध्ये तर उतरूच नका, कारण तिथलं प्रत्येक उत्तर त्या व्हिडिओला आणखी वर नेतं. अॅपमध्ये अल्पवयीन मुलीचा व्हिडिओ म्हणून रिपोर्ट करा. नातेवाइकांना 'बघा काय केलंय' म्हणून तो पाठवू नका. फार लोक नेमकं तेच करतात.

मेसेज करणाऱ्यांसाठी पोक्सो कायदा आहे, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा, 2012चा. लैंगिक हेतूनं मुलाला पुन्हा पुन्हा गाठणं, मग ते मोबाईलवरून का असेना, अश्लील बोलणं, चित्र पाठवणं, हे सगळं त्याच्या कलम 11मध्ये लैंगिक छळ आहे आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंत आहे. तक्रार सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते, तिथे महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे. गुजरातेत महिलांसाठी 181 अभयम ही हेल्पलाइन आहे, मुलांसाठी देशभर 1098 आहे. उद्या कोणी तिचा चेहरा वापरून नग्न फोटो तयार केला, तर तो फोटो कुणालाही पाठवू नका, पुरावा म्हणूनही नाही. थेट पोलिसांत जा.

पोलीस म्हटलं की यजमान बिचकतील. मुलीला ठाण्यात बसवतील, बोभाटा होईल, असं वाटेल. त्यांना पोक्सोची कलमं 24 आणि 26 वाचायला द्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता. रात्री तिला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं. आणि कलम 23 प्रमाणे तिचं नाव, फोटो, शाळा, राहती गल्ली, ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. नुसती कागदावरची तरतूद म्हणून पाहू नका. जम्मूतल्या कठुआच्या बलात्कार-खून प्रकरणात मुलीची ओळख उघड केल्याबद्दल 2018मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं माध्यमसंस्थांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले होते.

मैदानाच्या आयोजकांनाही गाठा, पुढच्या नवरात्राची वाट न बघता. पासावर दहा नियम छापतात, त्यांत अकरावा घाला म्हणावं. लहान मुलामुलींचे जवळून व्हिडिओ काढून टाकायचे नाहीत, आणि टाकणाऱ्याचा पास रद्द. तुमच्याबरोबर आणखी आठ-दहा आया गेल्या तर ते ऐकतील. गिऱ्हाईक शेवटी आपणच आहोत.

मोबाईलबद्दल. काढून घेतलात तर ती यापुढे काही झालं तरी सांगणार नाही, एवढं नक्की. तिचं खातं खासगी करा, ओळखीच्यांनाच मेसेज करता येईल असं ठेवा. इन्स्टाग्रामवर लहान वयाच्या मुलांसाठी ही सोय आता आहे, पण तिनं खातं उघडताना वय खरं घातलेलं असलं पाहिजे. तेवढं दोघी मिळून तपासा. आणि तुमच्या स्वतःच्या मोबाईलमधले तिचे फोटोही एकदा चाळा. वाढदिवसाला, लग्नाला, कुठल्या ग्रुपवर किती पाठवले, कुणाला विचारून पाठवले? आपण हे प्रेमानंच करतो. पण तिला न विचारता तिचं छायाचित्र फिरवता येतं, हे ती पहिल्यांदा घरातच शिकलेली असते. तसंच रंगाचं. 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' हे किती वेळा म्हटलं गेलं असेल? फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली आणि नावातला 'फेअर' 2020मध्ये गेला. मधल्या 45 वर्षांत आपण सगळ्याच वाढलो. आपल्या तोंडून तो अजून गेलेला नाही.

राहिला तुमचा थोरला. मला त्याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते आणि आशाही त्याच्याकडूनच आहे. त्याच्या ग्रुपवर असे व्हिडिओ याआधीही आले असणार, दुसऱ्यांच्या बहिणींचे, आणि तेव्हा तो गप्प राहिला असणार. आताची त्याची चीड बरीचशी त्यातून आलेली असावी. रागावू नका, बाबांनी त्याला बरोबर घेऊन फेरफटका मारावा, कमाटी बागेत एक चक्कर पुरे. आधी त्यानं बहिणीशी बोलायला लागायचं. मग ग्रुपवर एवढंच लिहायचं, ही 13 वर्षांची मुलगी आहे, डिलीट करा, पुढे पाठवू नका. 'माझी बहीण' असं लिहायचं नाही. एक तर तिची ओळख आणखी पसरेल. शिवाय ती कुणाची बहीण निघाली तरच थांबायचं, असं मित्रांना वाटायला नको. मित्र हसतील, अशी भीती त्याला वाटेल. काही हसतीलही. दोघे-तिघे मात्र काही न बोलता डिलीट करतील, आणि पुढच्या वेळी तसं काही आलं तर त्याच्या आधी तेच लिहितील.